मनोऱ्याच्या मागच्या दोन बाजू

शुभदा,

तुझ्या तेराव्यालाही मी तुझ्यावर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल आणि तुलाही वाचताना उगाच गहिवरून यायला नको.

तोआ पायोहच्या तुमच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपला लिफ्टपर्यंत पसरल्या होत्या. पाया लेबारच्या ऑफिसातली तुझी सगळी टीम आली होती. त्यातली एक चिनी मुलगी कुठून तरी पांढरा कुडता मिळवून, तो घालून आली होती आणि कुणाला काही कळत नसताना मुकाट्याने पाण्याचे ग्लास भरत होती. शेजारच्या मलाय आजी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. इथल्या मराठी मंडळातली माणसं तर होतीच. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मनात हिशेब करत होते, की उद्या मी गेले तर यिशुनच्या माझ्या खोलीत किती जण येतील. घरमालकीण येईल, आणि विद्यापीठातून एक ईमेल येईल. तेवढ्यावर माझी यादी संपली.

जेवणं झाल्यावर गोखलेकाकांनी तुझ्या किल्ल्याचा विषय काढला. काका मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ, त्यामुळे बोलायला लागले की मध्ये कुणी बोलत नाही. "शुभदाने आपल्याला तो जपानी किल्ला सांगितला होता, आठवतंय ना," ते म्हणाले. "वीज पडते तेव्हा खाली मुदपाकात भाताच्या हंड्या चढलेल्या असतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी तरी म्हणालं, काय सांगायची ती, समोर दिसायचं. कुणी म्हणालं, शुभदामुळे आम्हाला त्सुगारू घराणं कळलं.

शुभदामुळे! मी हातातला ग्लास खाली ठेवला. हिरोसाकीच्या किल्ल्यावर आणि त्या त्सुगारू घराण्यावर मी आयुष्याची अकरा वर्षं घातली. त्या गावात चार हिवाळे काढले. खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ चढायचा आणि मी हातमोजे घालून घराण्याच्या कारभाराच्या रोजनिशा वाचत बसायचे. त्यातून जो प्रबंध झाला तो माझे मार्गदर्शक, दोन परीक्षक आणि मी, एवढ्या चौघांनी पूर्ण वाचला, आणि त्यातल्या एका परीक्षकाबद्दल मला अजून शंका आहे. तू आलीस आणि आयत्या बिळात नागोबा होऊन बसलीस. बरं, त्या बिळात शोभलीसही, हे जास्त लागलं.

आपली पहिली भेट आठवते का? वाचनालयात माझं व्याख्यान होतं. अकरा जण आले होते, त्यातले निम्मे एसीसाठी. तू ऑफिसातून थेट आलीस, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच. मी सांगत होते की घराण्याने पाच मजल्यांचा मनोरा बांधला, त्याला वीस वर्षंही झाली नव्हती आणि त्याच्यावर वीज पडली. आत दारूगोळा ठेवलेला होता, त्यामुळे सगळा मनोरा उडाला. प्रश्नांच्या वेळी तू हात वर केलास. "त्या दिवशी खाली स्वयंपाकघरात काय शिजत होतं?"

मी म्हटलं, याबद्दल साधनांमध्ये उल्लेख नाही.

"नसेल हो. पण काहीतरी शिजत असेलच ना."

मला तेव्हाच तुझा राग यायला हवा होता. पण नाव विचारलं तर तू शुभदा निघालीस, पुण्याची, आणि पुढच्या रविवारी आपण तुमच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, कोपी म्हणजे इथली कडक कॉफी पीत बसलो. मग प्रत्येक रविवारी. तिथल्या खांबाजवळच्या टेबलावर मी तुला अख्खं घराणं सांगितलं. त्सुगारू आधी नांबू घराण्याच्या हाताखालचे होते. मग त्यांच्यातला एक हुशार निघाला, त्याने मालकाचाच मुलूख तोडून घेतला, आणि नांबूंची तक्रार वर पोचायच्या आत स्वतः धावत जाऊन सगळ्यांत मोठ्या सत्ताधीशाला मुजरा करून आला. तिथून त्याला मान्यता मिळाली, आणि नांबू हात चोळत बसले. दोन घराण्यांतलं ते वैर पुढे दोनशे वर्षांहून जास्त टिकलं.

मी हे सगळं सनावळीसकट सांगायचे. तू सनावळ्या सोडून द्यायचीस आणि उरलेलं उचलायचीस. पहिल्या वर्षी मंडळात कोजागिरीला तू हीच गोष्ट सांगितलीस, मी तिसऱ्या रांगेत बसले होते. भाताच्या हंड्या आल्या तेव्हा मी पुटपुटले, "पुरावा नाही." शेजारच्या बाईंनी मला गप्प बसवलं. तू सुरुवातीलाच म्हणाली होतीस की हे सगळं मला मेधाने शिकवलं, आणि माझ्याकडे हातही केला होतास. लोकांनी वळून पाहिलं, हसले, आणि परत तुझ्याकडे तोंड केलं. तू माझं नाव घेतलंस याचा मला आनंद व्हायला हवा होता. नाव न घेणाऱ्याशी निदान उघड भांडता तरी येतं.

आपलं भांडण वेगळ्याच माणसावरून चालायचं. बऱ्याच पिढ्यांनी त्सुगारूंच्या धन्याला दरबारात वरची पदवी मिळाली, नांबूंच्या कोवळ्या धन्यापेक्षा वरची. ते नांबूंच्या एका सामुराईला सहन झालं नाही. काल आपल्या ताटाखाली असलेले आज आपल्या वर बसणार? त्याने त्सुगारूंच्या धन्याला वाटेत गाठून मारायचं ठरवलं आणि डोंगरात दबा धरून बसला. कुणीतरी चुगली केली. त्सुगारूंचा धनी मुकाट्याने दुसऱ्या वाटेने घरी गेला. सामुराई पुढे पकडला गेला आणि त्याचं डोकं उडवलं. पण लोकांनी गोष्टी केल्या त्या त्याच्या. जो वाट बदलून सुखरूप घरी गेला त्याची टवाळी झाली.

मी त्या नांबूवाल्याच्या बाजूने होते, हे तुला सांगायला नको. मी म्हणायचे, तो मत्सरी नव्हता, निष्ठावान होता. तू कोपीत बिस्किट बुडवत म्हणायचीस, "निष्ठा कसली? पोटात दुखत होतं त्याच्या. ज्याने धावत जाऊन आधी गाठलं त्याचं राज्य झालं. ह्यांनी दोनशे वर्षं तेच उगाळलं. तेवढ्या वेळात दुसरा किल्ला बांधून झाला असता."

"तू त्सुगारूच आहेस," मी एकदा वैतागून म्हटलं.

"आणि तू नांबू. म्हणून तर जमतं आपलं."

जमत होतं, हे खरंच. आठवडाभर मी कुणाशीही त्या किल्ल्याबद्दल बोलू शकत नसे. विद्यापीठात सगळे आपापल्या विषयात, शिवाय सगळ्यांचे करार वर्षावर्षाचे, त्यामुळे जो तो स्वतःच्या काळजीत. रविवारी तू समोर असायचीस आणि मी बोलायचे. घरी जाताना एमआरटीच्या गाडीत माझा घसा बसलेला असायचा. तू नसतीस तर ही अकरा वर्षं नुसती कपाटात राहिली असती. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायला गेले की माझं जळणं आडवं यायचं, आणि ते आपल्या दोघींनाही माहीत होतं.

आता दिवाळीच्या किल्ल्याचं सांगते. तेच सांगायला बसले आहे.

मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. सगळ्यांनी नेहमीचे केले, रायगड, प्रतापगड, एक पन्हाळा. तू आणि तुझ्या रेवाने हिरोसाकी केला. नर्सरीतून मातीच्या पिशव्या आणल्या, खाली गोणपाट, उतारावर आळीव पेरले. मी तुला सांगितलं की हिरोसाकीला डोंगर नाही, तो सपाटीवरचा किल्ला आहे. तू म्हणालीस, डोंगर नसेल तर आळीव कुठे पेरू? वर तीन मजल्यांचा मनोरा, फोमबोर्ड आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा. गोखलेकाका पाहायला आले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "किल्ल्यावर महाराज नाहीत म्हणजे काय?"

मी म्हणणार होते की ऐतिहासिकदृष्ट्या ते शक्य नाही. तू माझ्या आधी बोललीस. "आहेत ना काका. महाराज पाहुणे म्हणून येतायत. हे बघा, पुलावर पालखी." आणि खरंच लाल पुलावर पालखी होती, चार मावळे, आणि समोर स्वागताला दोन सामुराई कमरेत वाकलेले. काका विरघळले. मला वाटलं, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

मग सगळे गेल्यावर, तुमच्या कॉरिडॉरमध्ये, तू मला मनोऱ्यासमोर उभं केलंस. "मेधा, नीट बघ. तू बरोबर म्हटलंस की मग मला कुणाची भीती नाही."

मी पाहिलं, आणि पाहिल्याबरोबर मला चूक दिसली.

हे इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे हे पत्र कुणी वाचलंच तर त्यालाही कळेल. जुना मनोरा जळल्यावर जवळजवळ दोनशे वर्षं किल्ल्याला मनोरा नव्हता. नवा बांधायची मुभा नव्हती. मग घराण्याने 'कोपऱ्यातला टेहळणीचा बुरूज बांधतो' असं सांगून हा तीन मजली मनोरा उभा केला. त्याच्या ज्या दोन बाजू खंदकाकडे, म्हणजे बाहेरून दिसतात, तिथे शोभेची त्रिकोणी छपरं काढली, बाण मारायच्या अरुंद फटी ठेवल्या, म्हणजे येणाऱ्याला दरारा वाटावा. आतल्या दोन बाजू मात्र साध्या. तिथे छपरं नाहीत, नुसत्या गजांच्या खिडक्यांच्या ओळी. पोस्टकार्डवरचे फोटो सगळे पुलावरून काढलेले असतात. तू तेच पाहून चारही बाजू सारख्या केल्या होत्यास. चारही बाजूंना छपरं, चारही बाजूंना दरारा.

स्पर्धेला दोन दिवस होते. दोन बाजू खरवडून खिडक्या चिकटवायला एक दुपार पुरली असती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या नाकावर पांढरा रंग लागला होता आणि तू आनंदाने नुसती फुलून आली होतीस. माझ्या मनात आलं, होऊ दे. एकदा तरी कुणीतरी म्हणू दे की हिला नीट माहीत नाही.

"छान झालंय," मी म्हटलं.

तू माझ्याकडे क्षणभर पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं."

कुणी काही म्हटलं नाही. कोण म्हणणार? तिथे ते ओळखणारी मी एकटीच होते. तुला पहिलं बक्षीस मिळालं, मंडळाच्या अंकात फोटो आला. मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तो अंक ड्रॉवरमध्ये उलटा ठेवला. माझ्या हातात शस्त्र होतं, ते मी चालवलं होतं, आणि तुला साधं खरचटलंही नव्हतं. त्या सामुराईला निदान डोंगरात बसावं तरी लागलं. मी तुझ्याच घरी, तुझाच चिवडा खात दबा धरला होता.

पुढच्या एप्रिलअखेर तुम्ही तिघं जपानला गेलात. तिकिटं काढल्यावरच तू मला सांगितलंस. मी चार वर्षं राहिले तिथे, तू सहा दिवस. पण तू गेलीस तेव्हा चेरी पूर्ण फुललेली, खंदकाच्या पाण्यावर पाकळ्यांची साय धरलेली. तिथल्या एका म्हाताऱ्या रखवालदाराने म्हणे तुम्हाला अर्धा तास हिंडवून दाखवलं, भिंतीच्या दुरुस्तीसाठी अख्खा मनोरा तसाच्या तसा उचलून आत कसा सरकवला ते, आणि भिंतीच्या एकेका दगडावर क्रमांक टाकून तो उतरवला आणि पुन्हा आपल्याच जागी कसा बसवला ते. चार वर्षांत माझ्याशी कुणी रखवालदार एवढं बोलला नाही. तू माझ्यासाठी सफरचंदाचा जॅम आणलास. फोटो दाखवलेस. मनोऱ्याच्या मागच्या बाजूचा फोटो आला तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तू तो इतर फोटोंसारखाच पुढे सरकवलास. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी जॅमच्या बाटलीवरची जपानी अक्षरं वाचत बसले.

त्यानंतर दीड वर्ष तू होतीस. दीड वर्षात सत्तर-ऐंशी रविवार येतात. शेवटचे काही रविवार हॉस्पिटलमध्ये. एकाही रविवारी मी ते बोलले नाही आणि तूही विचारलं नाहीस. शेवटच्या आधीच्या रविवारी तू डोळे मिटून पडली होतीस आणि एकदम म्हणालीस, "तुझा नांबूवाला काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "मजेत आहे."

"त्याने त्या त्सुगारूला एकदा तरी भेटायला हवं होतं गं. समोरासमोर. नुसतं झाडीत बसून काय कळतं?"

तू मला दार उघडून दिलं होतंस. आणि मी काय विचारलं, तर सलाईनची सुई दुखते का. तू म्हणालीस, नाही. पुढच्या रविवारी तुला बोलता येत नव्हतं.

तेराव्याला मंडळी पांगल्यावर तुझा सतीश म्हणाला, "मेधा, थांब जरा. रेवाकडे तुझं काहीतरी आहे." रेवा स्टोअररूममधून एक खोका घेऊन आली. पंधरा वर्षांची पोर, तुझ्यासारखंच कपाळ, डोळे रडून सुजलेले. "आई सेड हे तुला द्यायचं. केअरफुल हां मावशी, टॉप इज लूज." मी खोका मांडीवर घेऊन टॅक्सीने यिशुनला आले. वाटेत उघडला नाही.

घरी टेबलावर ठेवून उघडला तर आत मनोरा होता. माती, आळीव, पालखी काही नाही, नुसता मनोरा. मी तो फिरवला. पश्चिमेची बाजू साधी झाली होती. छपरं खरवडून काढलेली, त्यांच्या जागी बारीक काड्यांच्या गजांच्या खिडक्या, ओळीने, नेमक्या. उत्तरेच्या बाजूला खालचा मजला झाला होता. वरची दोन छपरं तशीच होती. त्यातल्या एकाच्या कडेला ब्लेडचा चरा होता, अर्ध्यावर थांबलेला. खोक्याच्या तळाशी एक प्लॅस्टिकची पिशवी होती. काढलेली छपरं तू टाकली नव्हतीस. प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक होता.

तुला कळलं होतं. कळून तू घरी आलीस, मला जॅम दिलास, आणि मुकाट्याने दुरुस्त करायला बसलीस. तो चरा बघून मला वाटलं, शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. आणि लाज वाटायच्या आधी मला काय वाटलं, तेही सांगते. खिडक्यांची ओळ मोजून पाहिली आणि वाटलं, हिने माझ्या मदतीशिवाय बरोबर केलं. पुन्हा पोटात दुखलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि इथे तर मेलीस तू.

आठवडाभर मनोरा टेबलावर होता. मी त्याच्या पलीकडे ताट ठेवून जेवायचे. मला एकच भीती होती, ती रेवाची. त्या पोरीला काय सांगितलंयस तू? मावशीने मुद्दाम केलं, हे? की मावशीलाच माहीत नव्हतं, हे? दोन्हींतलं मला काय जास्त लागलं असतं ते मला ठरवता येईना, आणि यावरून तू मला ओळख.

आज रविवार. रेवाचा मेसेज आला, मी येते, ब्लेड आणि फेविकॉल घेऊन. मी सकाळपासून घर झाडत होते. ती आली, एकटीच एमआरटीने, आणि चपला काढता काढताच म्हणाली, "फिनिश करायचंय. आईने सांगितलंय मावशीकडून करून घे."

मी तिला बसवलं. पोहे दिले. मग म्हटलं, "रेवा, आधी मला एक सांगायचंय. तुमची दिवाळीची स्पर्धा होती ना, तेव्हा मला माहीत होतं की मागच्या बाजू चुकल्यात. मी आईला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. मी तिच्यावर जळत होते."

हे बोलायला मला दोन वर्षं लागली आणि ऐकायला तू नव्हतीस. रेवाने चमचा खाली ठेवला नाही.

"आय नो लाह मावशी. आई ऑलरेडी न्यू."

"हो, जपानला गेल्यावर कळलं असेल."

"नो. बिफोर. त्याच दिवशी." ती पोह्यांतला शेंगदाणा वेचत होती. "तू गेलीस, मग आई बाबांना म्हणाली, समथिंग इज रॉंग. मेधा नुसतं छान म्हणाली. मेधा कधीच नुसतं छान म्हणत नाही, ऑल्वेज 'छान झालंय, पण'. आज तो 'पण' आलाच नाही, म्हणजे काहीतरी मोठं चुकलंय. मग ती फोटो बघून शोधायला लागली, बट शी कुडन्ट फाइंड. देन शी सेड, आपण जाऊनच बघू. म्हणून आम्ही जपानला गेलो."

मी तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

"शी वॉजन्ट अँग्री," रेवा म्हणाली. मग तिने थोडा विचार केला. "लिटल बिट अँग्री. मी आईला म्हटलं, तू मावशीला सांग ना, यू नो. आई म्हणाली, नको, तिला सांगू दे. आणि म्हणाली, मेधा जळते म्हणजे किल्ला नक्की चांगला झालाय. बाकी सगळे तर असंच टाळ्या वाजवतात."

शुभदा, तू त्या दिवशी "बरं" म्हणालीस ना, त्या एका शब्दात तू मला पूर्ण वाचलं होतंस. मी दोन वर्षं झाडीत दबा धरून बसले आणि तू दुसऱ्या वाटेने केव्हाच घरी पोचून माझ्यासाठी चहा टाकून बसली होतीस. दीड वर्ष वाट पाहिलीस. तुझ्या जागी मी असते तर पहिल्याच रविवारी, कोपी यायच्या आत, तुझं माप काढलं असतं. ज्याने आधी गाठलं त्याचं राज्य, असं तू म्हणायचीस. गाठलंस. आता तुझ्याकडे काही मागायला येता येत नाही, आणि मला त्या सत्तर-ऐंशी रविवारांतला एकच हवा होता.

मग आम्ही कामाला बसलो. वरची दोन छपरं रेवाने काढली, मी मनोरा धरून होते. तिचा हात तुझ्यासारखाच, घाई नाही. काढलेल्या छपरांवर तिने न सांगताच पेन्सिलीने पुढचे दोन क्रमांक घातले आणि पिशवीत टाकले. मग काड्या कापून गज केले. मी तिला सांगत होते, फटी बाहेरच्या बाजूला, आत नुसत्या खिडक्या, कारण आत आपलीच माणसं असतात, त्यांना दरारा दाखवून काय करायचं. ती म्हणाली, "आई पण सेम म्हणाली होती." मी म्हटलं, म्हणाली असेल. पुरावा मागितला नाही.

दुपार कलली तेव्हा शेवटची खिडकी बसली. रेवाने मनोरा सावकाश गोल फिरवला, दोन बाजू छपरांच्या, दोन साध्या. बोटांचा फेविकॉल फ्रॉकला पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, नीट बघ. बरोबर आहे ना?"

मी चष्मा लावला. खाली वाकले. एकेक ओळ पाहिली, वेळ घेऊन.

"छान झालंय," मी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. "पण वरच्या मजल्यावरची डावी खिडकी थोडी तिरकी बसलीय."

रेवा हसली, तेराव्यापासून पहिल्यांदाच, आणि तिने पुन्हा ब्लेड उचललं.